ओव्हर न देता गेलीस, प्रमिला

प्रमिला,

मी अजून रडले नाही. कुंदा रडली, कमलामावशी रडली, डॉक्टर काळेसुद्धा चष्मा पुसत तुझ्या अंगणातून बाहेर गेले. मी तुझ्या घरी चहाचं आधण ठेवलं, सतरंज्या टाकल्या, दारातल्या चपला बाजूला केल्या. लोकांना वाटलं, वंदनाताई खंबीर आहेत. कसली खंबीर व! माणूस गेलं की आधी काय करायचं, मग काय करायचं, हे आपल्या हातांना पाठ आहे, तेच हात करत होते. डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, हातपाय सरळ करायचे. तुझ्या बाबतीत ते सगळं मीच केलं आणि करताना मला काहीच वाटलं नाही. सुईनं जागा बधिर केली की टाके घालताना पेशंट कसा छताकडे बघत पडून राहतो, तशी मी आहे. काहीतरी ओढलं जातंय एवढं कळतं.

तुझ्या घरून फोन आला तेव्हा मी ड्यूटीला निघाले होते. तूही निघालीच होतीस. युनिफॉर्म घालून झाला होता. चप्पल घालायला पलंगावर टेकलीस आणि तशीच आडवी झालीस. गल्लीतले डॉक्टर धावत आले, त्यांनी मान हलवली. आपलं रुग्णालय तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज पायी यायचीस.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "वंदनाताई, काही दिवसांपासून जळजळ जळजळ म्हणे. छातीत दाबल्यासारखं होते म्हणे. म्या म्हटलं, रोज दवाखान्यातच जातं तर दाखवून टाक न कोणाले. तर म्हणे, तिथं माणसं कुठं आहेत, मी झोपली तर लेबर रूम कोण पाहीन?"

हे ऐकलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मला काहीतरी झालं. रडू आलं नाही. राग आला, तुझाच. तुझ्याशी भांडायचं राहून गेलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

यवतमाळला ट्रेनिंगच्या होस्टेलवर आपण एका खोलीत राहायचो. तू बोरी अरबच्या बाजूची, मास्तरांची मुलगी. मी वणीची, बाबा कोळशाच्या खाणीत. मी कपडे धुतले की तू बादलीत डोकावायचीस आणि म्हणायचीस, "तुह्या वणीचं पाणी कधी पांढरं निघनच नाही काय व?" पहिल्यांदा आपल्याला लेबर रूमला लावलं त्या दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टरनं कळा देणाऱ्या एका बाईच्या मांडीवर फाडकन चापट मारली. "तवा गोड लागलं, आता कायले बोंबलतं?" सगळ्या हसल्या. ती बाई वयानं आपल्याएवढीच होती. दुपारी मेसमध्ये तू ताटाला हात लावला नाहीस.

"वंदे, आपण बी अशाच होऊ काय?"

मी म्हटलं, "जेव आधी, वरण थंड होऊन राह्यलं."

आणि आपण तशाच झालो. कुणी आपल्याला असं वागायला शिकवलं नाही. पाळणाघरातलं लेकरू जसं बघून बघून बोलायला लागतं, तशा आपण ओरडायला लागलो. एका सिस्टरवर तीन-तीन बाया, बाहेर नातेवाइकांचा गोंधळ, आत डॉक्टरांची घाई. ओरडलं की काम लवकर होतं असं वाटायचं. तुझा आवाज तर पार गेटापर्यंत जायचा. तुला हात उचलताना मी पाहिलं नाही, पण तुझ्या तोंडाला बाया घाबरायच्या. हे आता लिहिलेलं तुला चालेल. तू स्वतःच सगळ्यांना सांगायचीस.

तुझ्या बहिणीची मुलगी आपल्याकडे बाळंतपणाला आली, तिथून सगळं बदललं. तू त्या दिवशी सुटीवर होतीस. नातेवाईक म्हणून बाहेरच्या बाकावर बसलीस. आत कुंदा होती. कुंदा म्हणजे आपल्या वॉर्डातली सगळ्यात जुनी, सगळ्यात कामाची आणि सगळ्यात तोंडाळ सिस्टर. दाराआडून तिचा आवाज येत होता, तोच, "तवा गोड लागलं..." तिला काय माहीत, ती कुणाची भाची आहे. आणि माहीत असतं तरी काय. तिच्या तोंडून ते सुटलंच असतं.

दुसऱ्या दिवशी तू मला कॅन्टीनला घेऊन गेलीस. चहा तसाच ठेवलास. म्हणालीस, "वंदे, दाराच्या त्या बाजूनं मी पहिल्यांदा ऐकलं. कुंदाचा नाही, मले माह्याच आवाज वाटला."

मग म्हणालीस, "पोट्टी काहीच बोलली नाही. लेकरू पदराखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी मले विचारते, मावशी, तू पण असंच करतं काय?"

तू काय उत्तर दिलंस, ते मी विचारलं नाही. तू सांगितलंही नाहीस.

थोड्याच दिवसांत तू लेबर रूमची इन्चार्ज झालीस आणि तुझं ते टेबल सुरू झालं. सकाळची पाळी बदलताना रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते: कोण पेशंट, काय औषध, किती वेळ झाला. ती ओव्हर तू औषधांच्या टेबलाभोवती सगळ्यांना उभं करून घ्यायला लागलीस. सिस्टर, डॉक्टर, आया, सफाईवाले, सगळे. ओव्हर झाली की एकेकानं एक गोष्ट सांगायची. काल काय चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं. नावं ठेवायची नाहीत, मेमो द्यायचा नाही, बाहेर बोलायचं नाही. आणि लेबर रूममध्ये ओरडायचं नाही.

पहिल्या दिवशी कुंदा म्हणाली, "ओरडू नको त काय आरती ओवाळू तिची?" सगळे हसले. तूही हसलीस.

मला वाटलं होतं, खरी अडचण डॉक्टरांची होईल. ते आले नाहीत, संपला विषय. "सिस्टर, मला ओपीडी आहे," असं म्हणून डॉक्टर काळे निघून जायचे. अडचण झाली ती आपल्याच लोकांची. झाडूवाली कमलामावशी आत यायलाच तयार नव्हती. "मले कायले बलावता बाई, माह्या झाडू पडला आहे," म्हणून ती उंबऱ्यावर उभी राहायची. तिला वाटायचं, यात काहीतरी डाव आहे. सिस्टरांना वाटायचं, आता आया आपल्या चुका ऐकणार आणि गावभर सांगणार. तुझं गाव, तुझी जात माहीत असलेल्या एकदोघी व्हरांड्यात आपसात काय बोलल्या, ते मी तुला सांगितलं नाही. तुला न सांगताच कळलं होतं. त्या दिवशी तू कमलामावशीचा हात धरून तिला आत आणलंस आणि तिच्या शेजारी उभी राहिलीस. तेवढंच केलंस.

मी तेव्हाही तुला म्हणत होते, प्रमिला, माणसं वाईट नाहीत, माणसं कमी आहेत. एक सिस्टर आणि कळा देणाऱ्या तीन बाया असल्या तर गोड कोण बोलेल? आधी माणसं वाढवून घे, मग स्वभाव बदल. तू म्हणायचीस, "माणसं वाढायची वाट पाह्यली त आपण दोघी रिटायर होऊ वंदे. आणि माणसं वाढली म्हणजे ओरडणारे वाढतीन." आपण तो वाद किती वेळा घातला! दर वेळी चहा थंड व्हायचा आणि कॅन्टीनवाला म्हणायचा, "सिस्टर, अजून एक गरम करून देऊ का?"

रोशनीचं तुला आठवतं का, असं विचारण्यात अर्थ नाही. तुझ्या जिवाला लागलेली तीच एक गोष्ट होती.

रोशनी कंत्राटी सिस्टर. बारीक, हळू बोलणारी, कामाला चोख. कंत्राट दर वर्षी नवं होणार की नाही या भीतीत जगणारी. टेबलाशी ती कितीतरी दिवस गप्प उभी राहायची. मग एका सकाळी तिनं तोंड उघडलं. म्हणाली, दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, एकाच ट्रेमध्ये राहतात. काल बाळंतपणाच्या आधी द्यायचं इंजेक्शन भरताना तिच्या हातात दुसरंच आलं, जे तेव्हा द्यायचंच नसतं. सुई टोचायच्या आधी नाव वाचलं म्हणून वाचली. ते फेकून दिलं, दुसरं भरलं. पेशंटला काही झालं नाही. "म्हणून म्हणते ताई, त्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवू या."

तू तिथंच, सगळ्यांसमोर, दोन ट्रे वेगळे केलेस. एकाला लाल चिकटपट्टी लावलीस. त्या दिवशी तुझा चेहरा मी पाहिला आहे. मी तुझ्या लग्नात होते, मुलगी झाली तेव्हा होते. एवढी खुश तू मला कधी दिसली नव्हतीस.

आठवडा झाला नाही तोच रोशनीला मेमो आला. निष्काळजीपणा. टेबलावरची गोष्ट कुणी तरी वर नेली होती. कुणी नेली ते आजपर्यंत कळलं नाही, आणि न कळल्यामुळे सगळेच एकमेकांकडे संशयानं बघायला लागले.

तू मला घेऊन साहेबांकडे गेलीस. आपले तेव्हाचे अधीक्षक. खुर्चीत बसायलाही तू तयार नव्हतीस.

"साहेब, मेमो द्यायचा त मले द्या. तिले बोलायले मी लावलं."

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सिस्टर, तुमची भावना मला समजते. पण उद्या खरंच एखादी बाई दगावली आणि माझ्या कानावर हे आधी आलं होतं असं निघालं, तर वर उत्तर कोण देणार? मी, की तुमचं टेबल?"

"पण साहेब, तिनं सांगितलं म्हणून त बाटल्या वेगळ्या झाल्या."

"तेच म्हणतोय मी. चूक तिनं स्वतः कबूल केली आहे."

तू बाहेर आलीस. जिन्यात माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली.

रोशनीचं कंत्राट पुढं वाढलं नाही. कारण कुणी दिलं नाही, द्यावं लागत नाही. ती पुसदला एका खाजगी दवाखान्यात लागली. तिनं खोली सोडायच्या दिवशी आपण दोघी तिच्याकडे गेलो. ती भांडी पोत्यात भरत होती. तू माफी मागायला लागलीस तर तिनंच तुला पाणी दिलं.

"ताई, तुमच्यावर राग नाही माह्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण आता मी कुठीच बोलणार नाही, एवढं पक्कं."

परतीच्या रस्त्यावर मी तुला म्हटलं, तू त्या पोरीला पुढं केलंस. आधी मेमोचं भय घालवायला पाहिजे होतं, मग लोकांना खरं बोल म्हणायला पाहिजे होतं. पूल बांधला नाही आणि माणसांना नदीत उतरवलं. ते मी आजही मागं घेत नाही. तू एवढंच म्हणालीस, "होय." मला वाद हवा होता. तुझ्या त्या 'होय'नं मला काही बोलायला जागाच ठेवली नाही. पुढं कितीतरी दिवस आपण कॅन्टीनला गेलो नाही.

मला वाटलं, तू टेबल बंद करशील. सगळ्यांनाच वाटलं. तू दुसऱ्या दिवशीही वेळेवर उभी राहिलीस. कुणीच बोलेना. मग तू तुझीच चूक सांगितलीस. काल कोणत्या बाईला खोटं सांगितलं की आता थोडाच वेळ आहे. कुणाच्या सासूवर चिडलीस. कोणतं मोजमाप घ्यायला उशीर झाला. रोज. रोज एक चूक तुझी. महिनोन्महिने. कुंदा व्हरांड्यात म्हणायची, "चाला बाई, प्रमिलाबाईचं प्रवचन सुरू झालं." नव्या मुलींना वाटायचं, या इन्चार्जबाईंकडून फारच चुका होतात. तुझी गंमत अशी की तुला याचं काहीच वाटायचं नाही. मला वाटायचं. मी मान खाली घालून ट्रे आवरत राहायचे.

मग ती दारव्ह्याकडची बाई आली. पहिलटकरीण. बाळंतपण नीट झालं, बाळ रडलं, आणि मग रक्त थांबेना. कुंदा तिच्याजवळ होती. तिनं डॉक्टर काळेंना सांगितलं, "सर, जास्त वाटून राह्यलं मले. पॅडावर पॅड भिजून राह्यलं." ते ओपीडीला निघाले होते. "असतं एवढं. लक्ष ठेवा," म्हणाले आणि गेले. वीस गावं ऐकतील एवढ्या आवाजाची ही बाई, डॉक्टरांना परत हाक मारू शकली नाही. पण ती तुझ्याकडे आली. हे मला नंतर फार वेळा आठवलं. तिला जायला कुठंतरी जागा होती.

तू मला म्हणालीस, "पोट दाबून धर, सोडू नको." आणि ओपीडीत गेलीस. तिथं माणसांनी भरलेल्या खोलीत, सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या टेबलाशी उभी राहून म्हणालीस, "सर, उठा."

"सिस्टर, मी पेशंट तपासतोय."

"सर, उठा. ते पेशंट चालत आले आहेत. ती चालू नाही शकत."

तुझ्यामागं आले ते रागानं लाल होऊन आले. पण चादर उचलल्यावर त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. मग त्यांनी जे केलं ते चोख केलं, हे म्हणायलाच पाहिजे. त्या बाईला गाडीत घालून यवतमाळला नेलं, तू सोबत गेलीस, रस्ताभर तिच्या पोटावर तुझी मूठ होती. ती वाचली. बाळाला कमलामावशीनं सांभाळलं.

दुसऱ्या सकाळी ओव्हरला डॉक्टर काळे आले. दाराजवळच थांबले, टेबलापर्यंत आले नाहीत. म्हणाले, "काल कुंदा सिस्टरनं मला सांगितलं होतं. मी ऐकायला पाहिजे होतं." आणि गेले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुंदा धुण्याच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तू त्या दिवशी स्वतःची चूक सांगायची विसरलीस.

यानंतर सगळं बदललं असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर काळे एका नव्या सिस्टरवर सगळ्यांसमोर ओरडले. साहेब बदलून गेले, नवे साहेब आले, तुला पहिल्यापासून सगळं समजवावं लागलं. मेमो अजूनही येतात. पण कुंदा बदलली. आजही कधी तिच्या तोंडावर ते जुनं 'तवा गोड लागलं' येतं, तर ती मास्कवरून स्वतःच्या तोंडावर हात दाबते. त्या वेळी तिच्याकडे बघून हसू आवरत नाही. ज्या बाईसाठी ती तोंड दाबते तिला याचा पत्ताही नसतो. आणि आता आपल्या टेबलाशी कुणीतरी रोज एक वाक्य बोलतं. कधी एखादं, कधी दोन. कमलामावशी तर आता सगळ्यात जास्त बोलते. तिला थांबवावं लागतं.

हे तुझं देणं आहे, प्रमिला. हे मी तुला तोंडानं कधी म्हटलं नाही. तुझी चूक दाखवायला मला नेहमी शब्द सापडले. यासाठी नाही सापडले.

आता माझं भांडण ऐक.

तुझ्या टेबलावर सगळ्या चुका आल्या, पण थकवा कधी आला नाही. मी तापानं फणफणले होते तेव्हा तू काय म्हणालीस? "आजचा दिवस काढ वंदे, उद्या पाहू." नव्या मुलीनं पोटात दुखतंय म्हणून रजा मागितली तर तू तिला गरम पाण्याची पिशवी दिलीस. रजा दिली नाहीस. तुझ्यात कठोरपणा नव्हता, प्रमिला. तुलाही तेच शिकवलं होतं जे मला शिकवलं. सिस्टर आजारी पडत नाही. सिस्टर आजारी पडली तर ती नाटक करते, किंवा तिचा भार दुसरीवर टाकते. ओरडायची सवय तू मोडलीस, डॉक्टरांपुढं गप्प बसायची सवय मोडलीस. ही तुला दिसलीच नाही. कारण ही बाहेरून चांगली दिसते. हिला लोक सेवा म्हणतात.

तुझ्यासाठी रुग्णालयात शोकसभा झाली. नवे साहेब बोलले. म्हणाले, "प्रमिलाताईंनी अखेरच्या दिवसापर्यंत आजारपणाची एकही रजा घेतली नाही. असा आदर्श आपण सर्वांनी डोळ्यांपुढं ठेवावा." तेव्हा टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे लक्षात आल्यावर हळूहळू थांबल्या. मला उठून म्हणायचं होतं, साहेब, आदर्श नाही हो, याच गोष्टीनं तिचा जीव घेतला. मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या शेजारी कुंदा टाळ्या वाजवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला रोशनी आली होती. पुसदहून सकाळच्या बसनं. पांढरी साडी नेसून, पाठ म्हणणाऱ्या भंतेजींसमोर सगळ्यांच्या मागं बसली. नंतर स्वयंपाकघरात तिनं माझ्यासोबत पोळ्या लाटल्या. तिचा हात अजून तसाच चोख आहे. मला तिला विचारायचं होतं, तिथं, त्या दवाखान्यात, तू आता बोलतेस काय व? नाही विचारलं. तिनं 'नाही' म्हटलं असतं तर ते मला तुझ्या फोटोसमोर ऐकायचं नव्हतं. निघताना तिनं तुझ्या मुलीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

इन्चार्जचं काम तात्पुरतं माझ्याकडे दिलं आहे. मी नको म्हणत होते. कुंदा म्हणाली, "तू नाही त कोण? मी?" म्हणून घेतलं. सकाळी टेबलाशी उभी राहते. तुझ्यासारखं मला जमत नाही. माझ्या चुका मला पटकन आठवतच नाहीत. सगळे माझ्याकडे बघतात, मी ट्रेकडे बघते.

परवा ओव्हर झाली आणि मी नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का. मी पुढं बोलणार तेवढ्यात कुंदा बोलली. एवढ्या हळू की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"मले बरं नाही वाटून राह्यलं. कालपासून इथं जळते." आणि तिनं छातीवर हात ठेवला.

लेबर रूममध्ये दोन बाया होत्या, बाहेर तिसरी आलेली होती. मला ठाऊक आहे सगळ्यांच्या मनात काय आलं, कारण माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. "कुंदा, तुझ्या जागी कोण?" ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. कमलामावशीनं स्टूल ओढून आणलं. डॉक्टर काळे दाराशीच होते. ते आत आले आणि म्हणाले, "आधी ईसीजी काढा."

कुंदा तपासणीच्या टेबलावर झोपली. मी स्वतः तारा लावल्या. तिच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली भराभर चालत होती. मशीनमधून पट्टी निघायला लागली, डॉक्टरांनी ती हातात घेऊन वाचली, पुन्हा वाचली.

"नॉर्मल आहे. अॅसिडिटी असेल. तरी आज घरी जा, दुपारी परत एकदा काढू."

कुंदा उठून बसली. शरमून गेली होती. "उगाच सगळ्यायले कामाले लावलं मी."

"जा म्हटलं न," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले आणि बाहेरच्या बाईला तपासायला गेले.

ती गेली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांचं पार दिवाळं निघालं. जेवायला कुणालाच वेळ मिळाला नाही. एक नातेवाईक ओरडून गेला, एका बाईला यवतमाळला पाठवावं लागलं. संध्याकाळी सगळं आवरून मी खुर्चीत टेकले, तेव्हा ती पट्टी टेबलावरच पडलेली होती. मी हातात घेतली. एकसारखे, व्यवस्थित ठोके, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तुझी काढायला तू कुणाला सांगितलंच नाहीस, प्रमिला.